भिडूशी आधी बोला

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या माजघरात मेंढीकोटाचा डाव बसायचा. आत्या माझी भिडू असायची. तिने कानातली कुडी चाचपली की समजायचं, बदामाची दश्शी तिच्याकडे आहे. पदर सावरला की इस्पिकाची. नाक ओढलं की किलवरची. चौकटीची खूण मी दर वेळी विसरायचो आणि नेमकी तीच दश्शी काका कापून न्यायचे. काकांना संशय होता, पण आमची चोरी त्यांना शेवटपर्यंत पकडता आली नाही.

पुढे नोकरीला लागल्यावर ब्रिज शिकायला बसलो. पहिल्याच संध्याकाळी शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "इथे खाणाखुणा चालत नाहीत. भिडूला काय सांगायचं ते बोलीतून सांगायचं, आणि त्या बोलीचा तुम्ही दोघांनी ठरवलेला अर्थ समोरच्या पार्टीलाही कळला पाहिजे." मला हसू आलं. शत्रूला सांगून कोणी लढाई करतं का? त्या वाक्यातलं मर्म कळायला मला बरीच वर्षं लागली. मधल्या काळात एक चांगला माणूस मी दुखावला. आज त्याविषयीच बोलणार आहे.

ज्यांनी ब्रिज कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चार खेळाडू, समोरासमोर बसलेल्यांची एकेक जोडी. प्रत्येकाला १३ पानं. चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात होतो, असे १३ हात. इथवर मेंढीकोटासारखंच. फरक आहे तो बोलीत. पान टाकण्याआधी चौघं आळीपाळीने बोली लावतात. 'दोन इस्पिक' म्हणजे इस्पिक हुकूम असेल तर आमची जोडी सहा अधिक दोन, म्हणजे आठ हात करील. किलवर सगळ्यांत खालचा रंग, त्यावर चौकट, मग बदाम, मग इस्पिक आणि सगळ्यांत वर बिनहुकुमी. एकपासून सातपर्यंत पायऱ्या. पाच साते पस्तीस. त्यात 'पास', 'डबल' आणि 'रिडबल' मिळवले की झाले ३८ शब्द. १९२५ साली हॅरोल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थांनी बोटीच्या प्रवासात आजच्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली, तेव्हापासून खेळाडूंची भाषा ही एवढीच आहे.

आता गंमत बघा. एका खेळाडूच्या हातात येऊ शकणाऱ्या १३ पानांचे प्रकार किती? ६३,५०१ कोटींहून जास्त! आणि ते भिडूला सांगायला शब्द फक्त ३८. म्हणजे एकेका शब्दाला कितीतरी अर्थांचं ओझं वाहावं लागतं. कोणत्या वेळी कोणता अर्थ घ्यायचा, हे दोघांनी आधी ठरवलेलं असेल तरच संवाद होतो.

दोघंच बोलत असतील तर हे फारसं अवघड नाही. एक जण हळूच विचारतो, दुसरा हळूच सांगतो, पायरी पायरीने दोघं वर जातात. पण बाकीचे दोघं काही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले नसतात. तेही मधे बोलतात, आणि पुष्कळदा तुमचं बोलणं तोडण्यासाठीच बोलतात. एसटी स्टँडवर लाऊडस्पीकर चालू असताना एखाद्याला पत्ता समजावून सांगायचा, तसा प्रकार होतो. दोन्ही बाजू बोलीत उतरल्या की ब्रिजचा खरा कस लागतो, आणि भिडूंची भांडणंही बहुतेक तिथेच होतात.

माझं भांडण झालं ते १९८७ साली. त्या वेळी मी बँकेत होतो, वय ३२. माझे भिडू निवृत्त शिक्षक, गणिताचे. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मीही म्हणायचो. आम्ही सहा वर्षं एकत्र खेळत होतो. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी क्लबात, आणि वर्षातून दोन-तीन वेळा बाहेरगावच्या स्पर्धांना. मला वाटायचं, आम्हाला एकमेकांचं मन कळतं.

अशाच एका स्पर्धेत आमचा चौघांचा संघ उपांत्य फेरीत होता. संघांच्या सामन्यात तेच डाव दोन टेबलांवर खेळले जातात. एका टेबलावर आपल्या संघातली एक जोडी ज्या दिशांना बसते, त्याच्या उलट दिशांना दुसऱ्या टेबलावर आपली दुसरी जोडी बसते. त्यामुळे नशिबाला दोष देता येत नाही. पानं तीच असतात, फरक माणसांत असतो.

शेवटून तिसरा डाव. अण्णांनी 'एक चौकट' अशी सुरुवात केली. माझ्या उजवीकडच्या खेळाडूने एकदम उडी मारून 'दोन इस्पिक' म्हटलं. मधल्या सहा पायऱ्या त्याने एका घासात गिळल्या. माझ्याकडे पाच बदाम होते, बऱ्यापैकी पानं होती, पण स्वतःच्या बळावर 'तीन बदाम' म्हणावं इतकी ताकद नव्हती. मी म्हटलं, 'डबल'.

डबलचा सरळ अर्थ असा, की तुमची बोली पुरी होणार नाही, लावा दुप्पट. पण त्या आधीच्या महिन्यात मी एक परदेशी पुस्तक वाचून काढलं होतं. त्यात हा डबल वेगळ्या अर्थाने वापरला होता. 'भिडू, न बोललेल्या रंगांत, विशेषतः बदामात माझ्याकडे पानं आहेत, पण बोलायला जागा उरलेली नाही. आता तू बोल.' मला तो विचार इतका पटला होता, की तो जगाचा नियमच आहे असं मी धरून चाललो होतो.

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे न बघता पत्त्यांकडे बघितलं आणि पास म्हटलं. त्यांच्या हिशेबाने मी त्यांना सांगत होतो की माझ्याकडे इस्पिकं भरपूर आहेत, यांना आपण इथेच पाडू. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. प्रतिस्पर्ध्यांनी दोन इस्पिक डबल आठ हात करून पुरे केले. डबलमुळे ती लहानशी बोली गेमच्या किमतीची झाली. दोन्ही बाजू व्हल्नरेबल नव्हत्या, हे जाणकारांसाठी सांगतो. त्यांना ४७० गुण मिळाले. दुसऱ्या टेबलावर आमचीच पानं घेऊन बसलेल्या त्यांच्या जोडीने चार बदाम बोलून दहा हात केले आणि ४२० मिळवले. एकूण ८९० चा फरक, सामन्याच्या तक्त्यात १३ गुण. सामना आम्ही ९ गुणांनी हरलो.

हरण्याचं काही नाही. पण गुणपत्रिका जुळवताना, दहा-बारा माणसं आजूबाजूला उभी असताना, मी अण्णांना म्हणालो, "अण्णा, जरा पुस्तकं वाचत जा. जग कुठं गेलंय!"

पस्तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाला मी हे म्हणालो. अण्णांनी गुणपत्रिकेवरचा आकडा पुन्हा एकदा तपासला, पेनाला टोपण लावलं आणि एवढंच म्हणाले, "चूक झाली." परतीच्या एसटीत ते पुढच्या बाकावर बसले. पुढच्या बुधवारी ते क्लबात आले नाहीत. शनिवारीही नाहीत. मग मी वाट बघणं सोडलं.

भिडूंच्या भांडणांचा इतिहास तसा जुना आहे. १९२९ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत बेनेट नावाचं जोडपं शेजाऱ्यांबरोबर ब्रिज खेळत होतं. चार इस्पिकांचा डाव नवऱ्याच्या हातून पडला. बायको लागेल असं बोलली, नवऱ्याने सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारल्या, आणि रात्र संपायच्या आत तिच्या हातच्या पिस्तुलाने तो ठार झाला होता. १९३१ साली ज्यूरीने तिला निर्दोष सोडलं. ब्रिजच्या लोकांनी त्या गोष्टीचे पुढे पुष्कळ विनोद केले. मीही केले आहेत. पण अण्णा यायचे बंद झाल्यावर एक कळलं. टेबलावरच्या एका वाक्याने माणूस गमावता येतो, त्याला पिस्तूल लागत नाही.

मधले आठ महिने मी माझ्या वयाच्या एका उत्साही भिडूबरोबर खेळलो. त्याने माझ्यापेक्षा जास्त पुस्तकं वाचली होती. आम्ही दोघं मोठे आधुनिक! एका स्पर्धेत प्रतिस्पर्धी जोडीच्या बोलीवर त्याने डबल म्हटलं. डावीकडच्या बाईंनी मला शांतपणे विचारलं, "तुमच्या भिडूच्या डबलचा अर्थ काय?" हा त्यांचा हक्क असतो. ब्रिजच्या नियमांप्रमाणे जोडीतला कोणताही समज गुप्त ठेवता येत नाही, विचारल्यावर सांगावाच लागतो.

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. पाडण्यासाठी? बोलतं करण्यासाठी? मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "बहुतेक..." पंचांना बोलावण्यात आलं. पंच वयस्कर होते. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही दोघांनी हे कधी बोलून ठरवलं होतं का?" मी म्हटलं, "नाही, पण त्याला माहीत असणारच." पंच म्हणाले, "मग तुमच्यात काही ठरलेलंच नाही. तसं सांगा आणि खेळा पुढे."

एवढंच. पण माझ्या कानात तो डबल आणि अण्णांचा पास वाजायला लागला. मी त्यांना तरी कधी सांगितलं होतं? पुस्तक मी वाचलं होतं, आणि त्यांनी ते वाचलेलं नाही याचा राग मी त्यांच्यावर काढला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी अण्णांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं, "या, बरेच दिवसांनी," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. अण्णा पेपर वाचत होते. मी घरून तयार करून नेलेलं वाक्य अर्धं बोललो असेन, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"ते राहू दे. मला एक सांग, तुझ्या त्या डबलचा अर्थ कितीपर्यंत तसा? त्यांनी तीन इस्पिक म्हटलं असतं तर? चार म्हटलं असतं तर?"

मला उत्तर येत नव्हतं. पुस्तकात ते प्रकरणाच्या शेवटी होतं आणि मी ते घाईघाईने उरकलं होतं.

"बरं, दुसरं," अण्णा म्हणाले, "समज, तुझ्याकडे खरोखरच त्यांची पाच इस्पिकं आहेत. आता तुला पाडण्यासाठी डबल म्हणता येत नाही, कारण तो शब्द तू दुसऱ्या कामाला लावलास. मग तू काय म्हणणार?"

"पास."

"आणि काहीच नसलं तर?"

"पास."

"मग तो पास ऐकून मी काय समजायचं?"

श्रोतेहो, आठ महिने घरी बसून या माणसाने तो डाव मनात इतका उलटसुलट केला होता, की अर्धवट वाचून मी मिरवलेल्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग त्यांनी स्वतःच शोधून काढला होता. मी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. पुढचे चार रविवार आम्ही पत्ते न वाटता फक्त बोलत बसलो.

त्या वहीतल्या तीन-चार गोष्टी तुम्हाला सांगतो. त्या ब्रिजच्या आहेत, पण समजायला अवघड नाहीत.

पहिलं पान अर्थात डबलचं. प्रतिस्पर्ध्याच्या सुरुवातीच्या बोलीवर डबल म्हणजे 'भिडू, तुझा रंग सांग', ही कल्पना फार जुनी आहे, कॉन्ट्रॅक्ट ब्रिज जन्माला येण्याच्याही आधीची. पण आपल्या भिडूने सुरुवात केली आणि प्रतिस्पर्धी मधे बोलला, तर डबल हा पाडण्यासाठीच असे. १९५७ साली अमेरिकेतल्या अल्विन रॉथ यांनी ते उलटं केलं. त्यांचा हिशेब साधा होता. मधे बोलणाऱ्याचा रंग तुमच्याकडेच भरपूर आहे, असं क्वचित घडतं. तुमच्याकडे दुसरे रंग आहेत पण बोलायला जागा नाही, असं वारंवार घडतं. मग इतका स्वस्त शब्द क्वचितच्या कामासाठी का राखून ठेवायचा? त्याच वर्षी रशियाने स्पुटनिक सोडला होता, म्हणून या डबललाही लोक स्पुटनिक म्हणू लागले. आज तो जगभर खेळला जातो. पण तो किती उंचीपर्यंत लागू, हे प्रत्येक जोडीला स्वतः ठरवावं लागतं. आम्ही वहीत लिहिलं, तीन इस्पिकांपर्यंत. त्यावर डबल म्हणजे पाडण्याकडे कल.

त्याखालीच अण्णांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. सुरुवात करणाऱ्याकडे प्रतिस्पर्ध्याचा रंग अगदी थोडा असेल, तर भिडूचा पास ऐकून त्याने डाव सोडून द्यायचा नाही. त्याने स्वतः डबल म्हणायचं. भिडूकडे काही नसेल तर तो आपला रंग सांगेल, आणि भिडू त्या रंगावर दबा धरून बसला असेल तर तो पुन्हा पास म्हणेल, की मासा गळाला. एक गोष्ट ठरवली की तिच्यामागून दुसरी ठरवावी लागते, ती अशी.

दुसरं पान पासचं. आपल्याकडे मौन म्हणजे संमती असं म्हणतात. ब्रिजमध्ये मौनाचाही अर्थ ठरवावा लागतो. समजा, आम्ही दोघं मिळून भरपूर ताकद दाखवून चार बदामांपर्यंत आलो आणि प्रतिस्पर्धी केवळ आमचा डाव बिघडवायला चार इस्पिक म्हणाले. आता माझी पाळी. मी पास म्हटलं तर त्याचा अर्थ 'सोडून दे' असा होऊ शकतो, किंवा 'मी ठरवू शकत नाही, तू ठरव, पाच बदाम म्हण नाहीतर डबल कर' असाही होऊ शकतो. दुसरा अर्थ ठरलेला असेल तर भिडूला पास म्हणायची परवानगीच नाही. हे ठरवलेलं नसेल तर दोघंही सभ्यपणे पास म्हणतात आणि प्रतिस्पर्धी ५०-१०० गुणांच्या किरकोळ भुर्दंडावर सुटतात. आम्ही लिहिलं, "आपण गेमची बोली ताकदीवर लावली असेल, तरच पास म्हणजे प्रश्न."

तिसरं पान पाठिंब्याचं. भिडूने 'एक बदाम' म्हटलं, मधे कोणी 'एक इस्पिक' म्हटलं. माझ्याकडे चार बदाम आहेत. मी एकदम 'तीन बदाम' म्हटलं तर ते ताकदीचं की कमजोरीचं? जुन्या रीतीने ताकदीचं. आम्ही ठरवलं, कमजोरीचं. पानं लांब पण हात हलका, म्हणून प्रतिस्पर्ध्यांची वाट अडवतोय. आणि खरी ताकद असेल तेव्हा काय करायचं? प्रतिस्पर्ध्याचाच रंग बोलायचा. 'दोन इस्पिक'. नवख्याला हे वेड्यासारखं वाटतं. पण प्रतिस्पर्ध्याचा रंग आपल्याला हुकूम म्हणून नकोच असतो, त्यामुळे तो शब्द मोकळा पडलेला असतो. मोकळ्या शब्दाला काम द्यायचं.

या पानावर पुढे निळ्या शाईत एक भर आहे, १९९४ सालची. फ्रान्सचे जाँ-रने व्हेर्न यांनी १९६०च्या दशकात एक निरीक्षण मांडलं. एका जोडीचा सगळ्यांत लांब रंग आणि दुसऱ्या जोडीचा सगळ्यांत लांब रंग, यांच्या पानांची बेरीज करा. दोन्ही बाजूंनी आपापला रंग हुकूम धरून केलेल्या हातांची बेरीज साधारण तेवढीच येते. लॅरी कोहेन यांच्या १९९२ सालच्या पुस्तकाने हे निरीक्षण जगभर पोचवलं, आमच्या गावापर्यंतसुद्धा. अण्णांनी ते वाचलं आणि १९८७ सालचा तो डाव कागदावर मांडला. त्यांची इस्पिकं नऊ, आमचे बदाम नऊ, बेरीज १८. त्यांनी केले आठ हात, आम्ही करू शकलो असतो दहा. बेरीज १८! अण्णा खूश झाले. मी म्हटलं, "अण्णा, तो डाव अजून लक्षात आहे?" ते म्हणाले, "तुझ्या नाही?"

त्यावरून साधा ठोकताळा निघतो. बळ बेताचं असताना, दोघांत मिळून नऊ हुकूम असतील तर नऊ हातांच्या बोलीपर्यंत, म्हणजे तीनपर्यंत जायला भ्यायचं नाही. दहा असतील तर चारपर्यंत. अर्थात हा काही न्यूटनचा नियम नव्हे. २००४ साली माइक लॉरेन्स आणि अँडर्स व्हिर्ग्रेन यांनी त्याच्याविरुद्ध सबंध पुस्तक लिहिलं. पण भिडूने तीनची उडी मारली तर त्याच्याकडे चार हुकूम आहेत, तीन नाहीत, हे ठरलेलं असेल तरच तो ठोकताळा वापरता येतो. म्हणजे पुन्हा गाडी ठरवण्यावरच येते.

आणि एक गोष्ट. चार रविवारांत आम्ही साठेक करार लिहिले होते. वर्षभरात त्यातले निम्म्याहून जास्त खोडले. कारण ते वाईट होते म्हणून नव्हे, आमच्या लक्षात राहत नव्हते म्हणून. अण्णा म्हणायचे, "एकाच्या लक्षात असलेला करार हा करार नव्हे, सापळा आहे." आणि तो सापळा प्रतिस्पर्ध्यासाठी नसतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. शत्रूला सांगून लढाई करायची का?

१९९० च्या सुमाराची गोष्ट. अण्णांनी 'एक बदाम' म्हटलं, उजवीकडच्याने 'दोन किलवर'. माझ्याकडे किलवरचे पाच पत्ते होते, राजा-गुलामासकट. मी नाकासमोर बघत पास म्हटलं. आता फक्त अण्णांनी डबल करायची खोटी, मासा गळाला लागलाच होता. पण माझ्या डावीकडे बसलेल्या मुलीने, कॉलेजातली असेल, आपली बोली लावण्याआधी अण्णांना विचारलं, "यांच्या पासमध्ये किलवर असू शकतात का?" अण्णांनी वर्गात शिकवावं तसं सांगितलं. "हो, असू शकतात. आमचा डबल दुसऱ्या अर्थाचा आहे, त्यामुळे किलवर असले तरी त्यांना पासच म्हणावं लागतं." मुलीने क्षणभर विचार केला आणि 'दोन चौकट' म्हणून सुटून गेली. आमचे निदान ५०० गुण बुडाले.

बाहेर आल्यावर मी कुरकुरलो, "इतकं खुलासेवार सांगायची काय गरज होती?" अण्णा म्हणाले, "तिला न सांगता जिंकलो असतो, तर तुझ्या आत्यात आणि आपल्यात फरक काय?" आत्याची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती!

तो फरक फार महत्त्वाचा आहे. खूण लपवायची असते आणि संकेत सांगायचा असतो. ब्रिजमध्ये प्रत्येक जोडीने आपले संकेत एका कार्डावर लिहून टेबलावर ठेवायचे असतात. अनपेक्षित अर्थाची बोली भिडूने लावली तर 'अलर्ट' म्हणून प्रतिस्पर्ध्यांना सावध करायचं असतं. भिडूने बोलताना घेतलेला वेळ, आवाजातला चढउतार, कपाळावरची आठी यांचा फायदा घ्यायचा नसतो. म्हणून तर स्वीडनमधून बोलीची छापील कार्डं असलेली पेटी आली आणि तोंडाने बोलणंच थांबलं. १९७५ साली बर्म्युडातल्या जागतिक स्पर्धेत भिडूंना एकमेकांचा चेहरा दिसू नये म्हणून टेबलावर तिरका पडदा लावला, तर त्याच स्पर्धेत टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा आरोप झाला! मग टेबलाखालीही फळ्या आल्या. आत्या एकटी नव्हती म्हणायची.

आणि या सगळ्या बंधनांमधूनही माणसं एकमेकांना समजतात. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ब्रिजचा पहिल्यांदा समावेश झाला आणि पुरुषांच्या जोडीचं सुवर्णपदक कोलकात्याच्या प्रणब बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी आणलं. बर्धन ६० वर्षांचे, सरकार ५६ वर्षांचे. वर्तमानपत्रांना त्यांच्या वयाचं नवल वाटलं. ब्रिज खेळणाऱ्यांना वाटलं नाही. वर्षानुवर्षं एकत्र खेळलेली जोडी होती ती. तिच्यामागे किती बोलणी, किती खाडाखोड असेल, याची आम्हाला थोडीफार कल्पना होती. पुढे २०२३ साली हांगझोऊला भारताच्या पुरुष संघाने रौप्यपदक मिळवलं.

अण्णा आणि मी त्या चार रविवारांनंतर आणखी १४ वर्षं खेळलो. फार मोठं काही जिंकलो नाही. डबलवरून मात्र पुन्हा कधी भांडलो नाही. काही चुकलं की डाव संपल्यावर अण्णा एवढंच विचारायचे, "हे आपलं ठरलं होतं का?" ठरलं असेल तर ज्याची चूक त्याने चहा पाजायचा. ठरलं नसेल तर वहीत लिहायचं, आणि चहा निम्मा-निम्मा. अण्णा आता नाहीत. वही माझ्याकडे आहे.

सध्या माझी भिडू माझी सून आहे. ती पुण्याला असते, आम्ही रविवारी रात्री कॉम्प्युटरवर खेळतो. पहिल्यांदा बसलो तेव्हा मी वही घेऊन गेलो होतो. तिने चाळली आणि म्हणाली, "बाबा, एवढं माझ्या लक्षात राहणार नाही. पाच गोष्टी ठेवू." मला थोडं लागलं, खरं सांगतो. पण खोडायचा हक्क दोघांचा असतो. आम्ही पाच ठेवल्या. त्यातली एक तिची आहे आणि ती वहीत नव्हती.

तर श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणी आज संध्याकाळी ब्रिजला बसणार असेल, तर पत्ते पिसण्याआधी पाच मिनिटं काढा आणि भिडूला तीन प्रश्न विचारा. प्रतिस्पर्धी मधे बोलले तर आपला डबल कशासाठी, आणि कितीपर्यंत? मी उडी मारून पाठिंबा दिला तर तो ताकदीचा की कमजोरीचा? आणि मी गप्प बसलो, तर तू काय समजशील?

जे ब्रिज खेळत नाहीत, त्यांनाही शेवटचा प्रश्न घरी विचारून बघायला हरकत नाही.

नमस्कार.